अनगारिकाचा अधिवास : भदंत ससाई आणि भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न

आधुनिक नागपूरच्या इतिहासात १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचे स्थान सर्वमान्य आहे. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मध्य भारतातील या शहरात एक नवा बौद्ध समाज उदयास आला. त्या समाजासंबंधी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच समाजाने पुढे तीस वर्षांनी एका परदेशी भिक्षूच्या नागरिकत्वासाठी जो लढा दिला, त्याची नोंद बहुधा चरित्रात्मक लेखनातच आढळते. कायद्याच्या आणि राज्यसंस्थेच्या इतिहासाचा एक भाग म्हणून त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. १९८७ साली जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई यांच्यावर, प्रवेशपत्राची मुदत उलटून गेल्यावरही भारतात राहिले या कारणास्तव, कारवाई झाली. त्यांना देशाबाहेर घालविण्यासाठी चाललेला खटला फेटाळला गेला आणि १९८८ साली ते भारताचे नागरिक झाले. घटना एवढीच आहे. तथापि वीस वर्षे एका शहरात राहून लोकमान्य झालेल्या माणसास नागरिकत्व मिळण्यात नेमकी अडचण कोणती होती, हा प्रश्न विचारला की ही घटना दिसते तितकी सरळ राहत नाही.

ससाई यांचा जन्म १९३५ साली जपानमधील ओकायामा प्रांतात झाला. तेथे भिक्षुदीक्षा घेतल्यावर १९६५ साली त्यांनी मायदेश सोडला. प्रथम थायलंड व तेथून भारत असा त्यांचा प्रवास झाला. बिहारमध्ये राजगीर येथे निचिदात्सु फूजी यांनी उभारलेल्या आश्रमात ते काही काळ राहिले. हे फूजी गुरुजी विदर्भाला अपरिचित नव्हते. १९३३ साली वर्ध्यास येऊन त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली होती. राजगीर येथे आपणांस नागार्जुनाचा दृष्टान्त झाला व त्याने नागांच्या नगरीस जाण्याची आज्ञा केली, असे ससाई यांनी स्वतः सांगितले आहे. त्यानुसार १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते नागपुरास आले. येथे त्यांची गाठ वामनराव गोडबोले यांच्याशी पडली. १९५६चा दीक्षासमारंभ घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्यांत गोडबोले अग्रभागी होते. त्यांच्या घरी डॉ. आंबेडकरांचे छायाचित्र पाहताच स्वप्नात दिसलेली मूर्ती हीच, अशी खूण ससाई यांस पटली, असेही ही कथा पुढे सांगते.

स्वप्नाच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणे हे इतिहासाचे काम नव्हे. मात्र येथे त्या कथेला एक निराळे मूल्य आहे. अधिवास म्हणजे केवळ वास्तव्य नव्हे. वास्तव्याबरोबर, येथेच कायमचे राहण्याचा निश्चय असावा लागतो, आणि तो निश्चय सिद्ध करणे हेच अशा प्रकरणांत सर्वांत कठीण असते. ज्या माणसास आपल्या आगमनाचे कारणच 'या नगरीस जा' अशा आज्ञेच्या रूपाने सांगावेसे वाटते, त्याचा निश्चय काय होता याविषयी शंका उरत नाही. पण ही साक्ष कोणत्याही सरकारी नमुन्यात भरता येण्याजोगी नव्हती.

उत्तर नागपुरातील इंदोरा हा त्यांच्या कार्याचा मध्य झाला. प्रारंभी लोकांना हा परदेशी भिक्षू विचित्रच वाटला. पुढे तो 'जय भीम' म्हणून अभिवादन करू लागला, वस्त्यांतून विहार उभारण्याच्या कामी लागला आणि हळूहळू परकेपणा मावळला. १९५६ नंतर या समाजापुढे मोठीच अडचण होती. दीक्षेनंतर अवघ्या दोन महिन्यांच्या आत डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले होते. लाखो लोक बौद्ध झाले होते. परंतु त्यांना संस्कार देणारे, विधी सांगणारे, वस्तीत येऊन बसणारे भिक्षू फारच थोडे होते. ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत परदेशातून आलेल्यांचा वाटा लक्षणीय आहे. संघरक्षित हे इंग्रज भिक्षू ६ डिसेंबर १९५६ रोजी नागपुरातच होते व त्या शोकाकुल दिवसांत त्यांनी येथील सभांतून लोकांना धीर दिला. ससाई यांचे वैशिष्ट्य हे की ते येथून परत गेले नाहीत.

परत न जाणे हाच कायद्याच्या दृष्टीने प्रश्न होता. भारताच्या संविधानात धर्मस्वातंत्र्य आणि वास्तव्याचे स्वातंत्र्य यांची मांडणी दोन वेगळ्या शब्दांवर उभी आहे. अनुच्छेद २५ने धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार 'सर्व व्यक्तींना' दिला आहे. अनुच्छेद १९ने भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा अधिकार दिला आहे तो 'नागरिकांना'. परदेशी भिक्षूस अथवा पाद्र्यास येथे उपदेश करता येतो; पण उपदेश करण्यासाठी येथे थांबण्याचा हक्क त्यास नाही. पहिला अधिकार दुसऱ्याच्या आधाराने चालतो आणि दुसरा शासनाच्या मर्जीवर. हान्स म्युलर प्रकरणात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले : परकीयास देशाबाहेर घालविण्याची शासनाची सत्ता १९४६च्या विदेशी व्यक्तींविषयीच्या अधिनियमान्वये निरपवाद आहे.

या प्रश्नाचा नागपूरशी असलेला संबंध ससाई यांच्याही आधीचा आहे. जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी येथे असताना, १९५४ साली त्या सरकारने ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी धर्मप्रसारकांस परत जाण्यास सांगावे, अशी शिफारस होती. आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, न्यायमूर्ती नियोगी यांनी स्वतः डॉ. आंबेडकरांच्या सोहळ्यात बौद्ध धम्माचा स्वीकार केला. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे घाईने म्हणू नये. नियोगींच्या दृष्टीने एक परकीय सत्तेचा प्रश्न होता व दुसरा भारतीय परंपरेचा. परंतु बौद्ध धम्म भारतीय असला तरी त्याचा उपदेशक जपानी पारपत्रधारी असेल, तर कायद्याच्या नजरेत तो कोणत्या बाजूस पडतो, हा पेच अहवालाच्या त्या शिफारशीतच दडलेला होता. तीस वर्षांनी तो उघड झाला.

परकीयास भारतीय होण्याचा मार्ग ३० डिसेंबर १९५५ रोजी अमलात आलेल्या नागरिकत्व अधिनियमाने आखून दिला. त्याचे सहावे कलम देशीयकरणाविषयी आहे आणि अर्जदाराच्या पात्रतेच्या अटी तिसऱ्या अनुसूचीत दिल्या आहेत. या अटी एका भिक्षूच्या जीवनाशी ताडून पाहिल्या तर काही अनपेक्षित गोष्टी दृष्टीस पडतात.

पहिली अट परस्परतेची. ज्या देशात भारतीयांना देशीयकरणास मज्जाव आहे, त्या देशाचा नागरिक भारतात अर्ज करण्यास पात्र नाही. ही अट कोरड्या राजनीतीतून आलेली नाही. तिच्यामागे भारतीयांना परदेशी आलेला अनुभव आहे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, भारतीय माणूस कायद्यातील 'श्वेतवर्णीय' या शब्दात बसत नाही म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्याचे सत्र सुरू झाले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तोच प्रसंग आला. नावाची घडण मराठी असलेले, अहमदाबादेस जन्मलेले हे गृहस्थ १९१४ साली कॅलिफोर्नियात अमेरिकेचे नागरिक झाले होते. त्यांनी स्वतःचा खटला लढविला, एकदा न्यायालयाने दिलेला निर्णय पुन्हा उकरता येत नाही हे तत्त्व पुढे केले, आणि १९२६ साली अपील न्यायालयात ते जिंकले. इतरांच्या वाट्याला हे यश आले नाही. भारतीयांना अमेरिकेचे दार उघडले ते १९४६च्या कायद्याने. या पार्श्वभूमीवर स्वतंत्र भारताने परस्परतेची अट घातली हे समजण्यासारखे आहे. जपानचा १९५०चा राष्ट्रीयत्व कायदा परकीयास देशीयकरणाची मुभा देतो; तेव्हा ससाई यांच्या मार्गात ही अट आडवी येण्याचे कारण नव्हते.

दुसरी अट पूर्वीचे नागरिकत्व सोडण्याची. येथे अर्जदारापुढे खरा त्याग आहे. भिक्षू घर सोडतो, कुल सोडतो, नाव सोडतो. म्हणून पालीत त्यास 'अनगारिक', म्हणजे गृहहीन, म्हटले आहे. पण गृहत्यागाने राष्ट्रीयत्व सुटत नाही. प्रव्रज्येनंतरही तो आपल्या राजाचा प्रजाजन राहतो हे विनयाच्या परंपरेसही मान्य आहे; राजसेवेत असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये हा नियम त्याची साक्ष देतो. एका संन्यस्ताकडून राज्यसंस्थेने पुन्हा एक संन्यास मागावा, असा हा प्रकार आहे. जपानी कायदा या बाबतीत कठोर आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे जपानी राष्ट्रीयत्व आपोआप संपुष्टात येते.

तिसरी अट वास्तव्याची, आणि अडचणीचे मूळ येथे आहे. १९५५च्या मूळ अधिनियमानुसार अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने व त्यापूर्वीच्या सात वर्षांपैकी एकंदर चार वर्षे भारतात राहिलेले असणे पुरेसे होते. १९८६च्या दुरुस्तीने ही मर्यादा वाढविली. पाच वर्षांच्या जागी एकूण दहा वर्षे झाली. ती दुरुस्ती अमलात आली १ जुलै १९८७ रोजी, म्हणजे ज्या वर्षी ससाई यांच्यावर कारवाई झाली त्याच वर्षी. त्या दुरुस्तीचे निमित्त आसामातील घुसखोरीचा प्रश्न व १९८५चा आसाम करार हे होते. इंदोऱ्यातील विहार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. तरी कायद्याचा जाच दूरच्या माणसालाही होतो तो असा. वर्षांच्या हिशेबाने पाहता ससाई जुन्या मोजमापातही बसत होते आणि नव्यातही, कारण तोवर त्यांचे येथील वास्तव्य वीस वर्षांच्या घरात गेले होते. परंतु परवान्याची मुदत संपल्यानंतरची वर्षे 'वास्तव्य' म्हणून गणावयाची की 'अपराध' म्हणून? एकच काळ एका अधिनियमाखाली पात्रता ठरतो आणि दुसऱ्याखाली गुन्हा. विनयाने भिक्षूस एका ठिकाणी स्थिर राहण्यास सांगितले आहे ते फक्त वर्षावासाच्या तीन महिन्यांपुरते. उरलेले वर्ष चारिका करावी, अशी अपेक्षा. अधिनियमास मात्र स्थिरतेची वर्षे हवी होती, आणि तीही शिक्क्यासह.

उरलेल्या अटींपैकी भाषेची अट, आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान, ससाई यांच्यासारख्यास सोपी होती; हिंदी वा मराठी यांपैकी कोणतीही एक चालली असती, आणि त्यांचे सार्वजनिक बोलणे हिंदीतूनच होत आले आहे. चांगल्या चारित्र्याची अट वरवर निरुपद्रवी दिसते. पण मुदत उलटून राहिल्याबद्दल दोषसिद्धी झाली असती, तर तिचा आधार घेऊन अर्ज नाकारणे शासनास सहज शक्य होते. म्हणून १९८७चा खटला फेटाळला जाणे ही केवळ सुटका नव्हती. पुढच्या अर्जाचा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला.

अधिनियमात एक अपवादही आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती किंवा एकूण मानवी प्रगती यांची ज्याने विशेष सेवा केली आहे, त्याच्या बाबतीत केंद्र सरकार सर्व अथवा काही अटी शिथिल करू शकते. मोठ्या कीर्तीच्या माणसांसाठी ही खिडकी ठेवलेली दिसते. नागरिक झालेल्या परकीयांची नावे पाहिली तर तीही बहुधा तशीच आहेत. मध्य प्रांतातील गोंड-बैगांमध्ये अनेक वर्षे राहिलेले व्हेरिअर एल्विन १९५४ साली, अधिनियम होण्यापूर्वीच, भारतीय झाले. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन १९६१ साली. एल्विन यांच्या पाठीशी ग्रंथ होते, शासकीय पद होते आणि पंतप्रधानांचा स्नेह होता. इंदोऱ्याच्या भिक्षूपाशी यांतील काही नव्हते. त्याच्यापाशी एक वस्ती होती.

त्या वस्तीने काय केले हे आता पाहावयाचे. ससाई यांना देशाबाहेर पाठविले जाणार, हे कळताच सह्यांची मोहीम सुरू झाली व ते निवेदन तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्यापर्यंत गेले. सह्यांचा आकडा जपानी लेखनात सहा लाख असा दिला जातो. आकडा घटकाभर बाजूस ठेवला तरी मोहिमेची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. अधिनियमाच्या चौदाव्या कलमानुसार अर्ज मंजूर करणे वा नाकारणे हा शासनाचा स्वेच्छाधिकार आहे. नाकारल्यास कारण देण्याचे बंधन नाही आणि तो निर्णय अंतिम आहे. अशा स्थितीत न्यायालय फार तर हद्दपारी रोखू शकते; नागरिकत्व देऊ शकत नाही. जेथे हक्क नाही, तेथे विनंती हाच मार्ग उरतो, आणि विनंतीला वजन येते ते विनंती करणाऱ्यांच्या संख्येने. नागपूरच्या बौद्ध समाजाने ही गोष्ट अचूक ओळखली. अर्जदार एकटा होता. साक्षीदार लाखांत होते. ज्या निश्चयाचा पुरावा कागदावर नव्हता तो या सह्यांनी पुरविला. हा माणूस येथला आहे असे त्याने स्वतः म्हणणे निराळे. ज्यांच्यामध्ये तो राहिला त्यांनी म्हणणे निराळे.

या भेदाचे महत्त्व त्याच काळातील दुसऱ्या एका प्रकरणावरून कळून येते. लुई द राएड हे बेल्जियन धर्मप्रसारक १९३७ साली भारतात आले आणि, मधला थोडा काळ वगळता, येथेच राहिले. जुलै १९८७मध्ये त्यांनाही देश सोडण्याचा आदेश मिळाला. संविधान अमलात आले तेव्हाच आपण येथे अधिवासी होतो, म्हणून आपण नागरिकच आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते अमान्य केले. ते बेल्जियमच्या पारपत्रावर आले होते, निवासाच्या परवान्यासाठी वेळोवेळी अर्ज करीत होते. कायमचे राहण्याचा हेतू १९५०पूर्वी होता हे त्यांना सिद्ध करता आले नाही. परकीयास जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, येथे स्थायिक होण्याचा हक्क नाही, हेही न्यायालयाने पुन्हा सांगितले. पन्नास वर्षांचे वास्तव्य अपुरे पडले, वीस वर्षांचे पुरले. हे पाहून कोणी धर्माधर्मांत पक्षपात झाला असे म्हणेल, आणि तो विचार सर्वस्वी दूर सारता येणार नाही. परंतु दोघांचे मार्गही वेगळे होते, हे विसरून चालणार नाही. द राएड यांनी हक्क म्हणून मागितले व न्यायालयाकडे मागितले. ससाई यांच्यासाठी अनुग्रह म्हणून मागितले गेले व शासनाकडे मागितले गेले. त्यातही एक विपर्यास असा की द राएड यांनी परवान्यासाठी नियमाने केलेले अर्जच, त्यांचा हेतू तात्पुरता होता याचा पुरावा ठरले. नियम पाळणे अंगाशी आले.

१९८८ साली नागरिकत्व मिळाल्यावर ससाई 'आर्य नागार्जुन' या भारतीय नावाने ओळखले जाऊ लागले. पुढील काळातील त्यांचे कार्य नागरिकत्वाशिवाय शक्य झाले नसते असे सरसकट म्हणता येत नाही, पण त्यातील बराचसा भाग परवान्यावर राहणाऱ्या माणसाने पत्करावा असा नव्हता. १९९२ पासून बोधगया येथील महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे असावे या मागणीसाठी त्यांनी चळवळ उभी केली. सरकारविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या परकीयाचा परवाना किती दिवस टिकतो, हे सांगावयास नको. रामटेकजवळील मनसर येथे नागार्जुनाचे स्थान असावे या श्रद्धेने त्यांनी उत्खननाचा पाठपुरावा केला. जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या उत्खननात वाकाटककालीन महत्त्वाचे अवशेष उजेडात आले, यद्यपि त्यांच्या स्वरूपाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. २००३ साली केंद्र सरकारने त्यांस राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य नेमले. ज्यास सोळा वर्षांपूर्वी देशाबाहेर घालवावयाचे होते, तोच आता देशातील एका समाजाचा प्रतिनिधी म्हणून शासनाच्या आयोगावर बसला.

ज्या वाटेने ते आत आले ती वाट मात्र त्याच सुमारास बंद झाली. २००३च्या दुरुस्तीने, जी ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आली, अधिनियमात 'अवैध स्थलांतरित' ही संज्ञा घातली गेली. वैध कागदपत्रांवर आत येऊन मुदतीनंतर राहिलेली व्यक्तीही तीत मोडते, आणि अशा व्यक्तीस नोंदणीने अथवा देशीयकरणाने नागरिक होता येत नाही. वास्तव्याची मर्यादाही दहावरून बारा वर्षांवर गेली. १९८७ साली मुदत उलटल्यानंतरचा काळ हा वादाचा विषय होता; २००४ नंतर तो अपात्रतेचा विषय झाला. सहा लाख सह्या आल्या तरी प्रथम प्रश्न अर्जदार त्या व्याख्येत बसतो काय, हाच. २०१९च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना त्या व्याख्येतून वगळले. त्यांत बौद्ध आहेत, पण जपान त्या देशांत नाही.

२००९ साली, चव्वेचाळीस वर्षांनी, ससाई प्रथमच जपानला गेले. जन्मभूमीच्या विमानतळावर ते उतरले ते भारतीय नागरिक म्हणून. ठरावीक मुदत भरण्यापूर्वी परतणे आता तेथे त्यांच्यावर बंधनकारक होते, आणि ते इंदोऱ्यास परतले.